ताराबाईंच्या पाटीवरचं दूध

मंडळी, चाळीच्या फळ्यावर आज बातमी नाही. सकाळच्या सभेचा राग लिहितेय, जिना उतरताना वाचा.

दुपारच्या बायकांच्या वर्गात मी पुस्तक वापरत नाही. बाई स्वतःची गोष्ट सांगते, मी ती तिच्याच शब्दांत पाटीवर लिहिते आणि त्यावरच ती अक्षरं शिकते.

ताराबाईंचे मालक पोलिसांची गोळी लागून गेले. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. त्यांनी सांगितलं, "आमचे मोर्चात नव्हते. दूध आणूक गेलेले." एवढं त्या बोट ठेवून घडाघडा वाचतात.

आज कार्यकर्त्यांनी त्यांना तेच वाचायला मंचावर बोलावलं. ऐनवेळी एकाने पाटी पुसली. "दूध कसलं, बाई? हुतात्मा आहेत ते!" म्हणत त्याने लिहिलं, 'माझे पती संयुक्त महाराष्ट्रासाठी हसत हसत गेले.'

मी अडवायला गेले तर म्हणाला, "तुम्ही चळवळीच्या बाजूने आहात ना?"

आहे. म्हणूनच संतापलेय. मराठी माणसाचं राज्य मागायचं आणि मराठी बाईचं वाक्य पुसायचं?

ताराबाईंना नवं वाक्य वाचता येईना. त्याने कानात सांगितलं, तसं त्या म्हणाल्या. पाटी हातात, डोळे माझ्याकडे. टाळ्यांचा नुसता कडकडाट! "बघा, बाई वाचायला शिकली!"

खाली उतरून त्यांनी मला हळूच विचारलं, "बाय, माझ्या पाटयेरचा दूध खंय गेला?"

टाळ्या तुम्ही वाजवल्यात. उत्तरही तुम्हीच जाऊन द्या.