धरणावरचं वळण
मंडईत आलेपाकाचा वास आला, की खडकवासल्याचं पाणी थेट पायांखाली दिसायला लागतं. नव्या विमान कंपनीच्या जाहिरातीसाठी, दार काढलेल्या छोट्या विमानात स्वतःला पट्ट्याने बांधून घेऊन, मी शेजारून उडणारं त्यांचं कोरं करकरीत विमान टिपत होते. वाऱ्याने डोळे झोंबत होते आणि तोंडात आलेपाक असूनही गळ्यात अडकवलेल्या पिशवीत उलटी झालीच. हेडफोनमधून दिग्दर्शक म्हणाले, “मॅडम, कॅमेरा असिस्टंटकडे द्या, तुम्हाला झेपायचं नाही.” मी म्हटलं, “अहो, उलटी तोंडाने होते, कॅमेरा हातात आहे.” ते विमान धरणावर वळेपर्यंत मी आणखी दोनदा ओकले, पण कॅमेरा दिला नाही. जाहिरात अजून लागते. त्या वळणावर चित्र केसभर तरी हललंय का, ते आपणच बघा.