खिडकीतून ढकललेली मी

मुलगी क्लासचे इंग्रजी शब्द पाठ करत होती. ‘थ्रस्ट’चे तिला तीन अर्थ सापडले: जोराने ढकलणे, खुपसणे, लादणे.

“आई, एखादं उदाहरण सांग ना.”

मला चांदूर बाजारचा एसटी स्टँड आठवला. अमरावतीला शिक्षिकेच्या नोकरीसाठी माझी पहिली मुलाखत होती, अकरा वाजता. वेळेत पोचवणारी ती शेवटची गाडी आणि दारात पन्नासेक माणसं. बाबांनी मला एकदम उचललं आणि खिडकीतून आत ढकललं. डिझेलचा वास, तापलेलं लोखंड आणि खांद्याशी टर्रकन फाटलेला इस्त्रीचा ड्रेस.

“बाबा, काहून ढकलता? लोक पाहून राहिले!”

“पाहू दे. तू जागा धर!”

गाडी सुटली तेव्हा ते हात हलवत होते. मी रागाने मान फिरवली. फाटलेल्या जागी ओढणी पिनने लावून मी मुलाखत दिली. त्या नोकरीला आता चोवीस वर्षं झाली.

इतकी वर्षं मी फाटलेला ड्रेसच मोजत आले. पण त्या अरुंद खिडकीतून जाताना माझ्या डोक्याला साधा ओरखडाही आला नव्हता. बाबांनी एक हात माझ्या डोक्यावर, खिडकीच्या वरच्या पत्र्याच्या धारेला लावून धरला होता.

मुलीला हे सगळं सांगितलं. तिने वहीतून मान वर केली.

“मग आजोबांले लागलं नाही काय?”

“लागलं असेल. संध्याकाळी त्यांच्या बोटांवर हळद होती. मी विचारलं नाही.”