निळ्यातल्या पायऱ्या

माझी आत्या कापडावर छपाई करणाऱ्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. गिऱ्हाईक नमुन्याची चिंधी घेऊन यायचं. आत्या ती खिडकीशी नेऊन दोनदा उलटीसुलटी करायची आणि सांगायची, "पिवळा सात भाग, लाल एक, आणि काळा अर्धी चिमूट." ही अर्धी चिमूट तिच्या तोंडी इतकी बसली होती की कारखान्यात तिला सगळे चिमूटबाई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. फोन उचलला की ती स्वतःच म्हणायची, "चिमूटबाई बोलतेय."

तिच्या पन्नाशीत कारखान्यात कॉम्प्युटर आला. नक्षीकाम आता बाहेरून, तयार होऊन यायचं. ते पडद्यावर उघडायचं, रंग तपासायचे आणि मग छपाईला सोडायचं, हे काम साहेबांनी तिच्याकडे दिलं. आत्याने पहिल्या दिवशी माउस असा धरला होता, जणू तो चावेल. पण महिन्याभरात ती पडद्यासमोर बसून गुणगुणायला लागली. "खिडकीशी जायचा त्रास वाचला," म्हणायची.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका शनिवारी मशीनमध्ये व्हायरस शिरला म्हणून दुरुस्तीवाल्यांनी ते पुसून, सगळं नव्याने भरून ठेवलं. सोमवारी आत्या कामाला बसली. चादरीची एक नक्षी आली होती. वर गडद निळा, खाली येता येता विरत जाऊन पांढरा, आणि मध्ये गोल गोल फुलं. आत्याला निळा रंग विरताना दिसेना. तो पायऱ्या पायऱ्यांनी उतरत होता. एक पट्टा, त्याखाली जरा फिका पट्टा, त्याखाली आणखी फिका. फुलंही बसक्या अंगाची दिसत होती.

तिने नक्षी काढणाऱ्या बाईंना फोन लावला.

"अहो, निळ्यात पट्टे पडलेत."

"माझ्याकडे तर लोण्यासारखं दिसतंय."

आत्याने साहेबांना बोलावलं. साहेब चष्मा कपाळावर चढवून वाकले. "छान आहे की! मला काही दिसत नाही."

झालं. दोघांना नीट दिसतंय, आपल्यालाच पट्टे दिसताहेत, म्हणजे आपले डोळे गेले. तीस वर्षं ज्यांच्यावर भाकरी खाल्ली तेच. तिने कुणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांनाही नाही. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब घातले, बल्ब लावून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या वयाला इतके स्वच्छ डोळे मी फार पाहिलेले नाहीत." आत्याला वाटलं, बाईमाणसाला धीर द्यायचा म्हणून बोलताहेत.

गुरुवारी चहा आला. आत्याने कप उचलला, बशी टेबलावर राहिली. समोर पडद्यावर तीच फुलं. तिची नजर बशीवर गेली, मग फुलावर, मग पुन्हा बशीवर. बशी गोल होती. फूल अंड्यासारखं आडवं होतं. तिने बशी उचलून पडद्याला टेकवली. फूल दोन्ही बाजूंनी बशीच्या बाहेर आलं, वरखाली मात्र आतच राहिलं.

"डोळे बिघडले असते तर बशीसुद्धा फुगली असती ना गं," ती मला नंतर सांगत होती. "बशी गोल आणि फूल लंबोळं, म्हणजे खोटं कोण बोलतंय? मी की हा डबा?"

तिने तडक दुरुस्तीवाल्यांच्या दुकानात फोन केला. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "मॉनिटर जुना झाला असेल, बदलून टाका." आत्याला ते पटलं नाही. रंग बिघडला तर आधी पाणी बघायचं, मग भांडं, मग रंग, ही तिची शिस्त. एकदम पिंप ओतून द्यायचं नाही. तिने शिपायाच्या मदतीने मॉनिटर उचलून स्वागतकक्षात नेला आणि तिथल्या मशीनला जोडून तीच नक्षी उघडली. निळा रंग अलगद विरला. फुलं गरगरीत गोल! मॉनिटर बिचारा निर्दोष होता.

तिने पुन्हा फोन लावला. "पडदा चांगला आहे, मी तपासलाय. दोष तुम्ही भरून दिलेल्या मशीनच्या पोटात आहे. कुणाला तरी पाठवा."

दुपारी त्यांची एक तंत्रज्ञ आली. पंचविशीची, पाठीला सॅक, बोलणं मोजकं. तिने दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाली, "रेझोल्यूशन चुकीचं आहे, ताई. पडदा रुंद आहे आणि चित्र चौकोनी मापाचं येतंय. मग मशीन ते ताणून बसवतं."

"मग योग्य माप द्या की."

"यादीतच नाहीये. सगळं नव्याने भरलं, पण डिस्प्लेचा ड्रायव्हर टाकायचा राहिला."

"ड्रायव्हर? तो तर माझ्या घरी बसलाय," आत्या म्हणाली. काका तीस वर्षं बस चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. ती मुलगी प्रथमच हसली. तिने समजावून सांगितलं, ड्रायव्हर म्हणजे मशीनची आणि पडद्याची ओळख करून देणारा. ओळख नाही म्हणून मशीन अंदाजाने, मिळेल त्या मापाचं चित्र पाठवतंय.

ड्रायव्हर घातला. मशीन बंद करून चालू केलं. यादीत नवी मापं आली, त्यातलं सर्वांत मोठं निवडलं आणि फुलं गोल झाली. मुलगी सॅक आवरायला लागली.

"थांबा," आत्या म्हणाली. "निळ्यात अजून पायऱ्या आहेत."

"कुठे?"

"ही एक. ही दुसरी. ही बघा, इथे."

मुलीने नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून पाहिलं. तिला दिसेना. पण आत्याचं बोट इतकं ठाम होतं की तिने सेटिंग पुन्हा उघडलं आणि जीभ चावली. "खरंच की! कलर डेप्थ सोळा बिटवर राहिलीय. म्हणजे पासष्ट हजार रंगच दाखवतंय."

"आणि असायला हवेत किती?"

"बत्तीस बिटला दीड कोटीच्या वर."

"मग बरोबर आहे. इतक्या रंगांची चणचण असेल तर निळा उड्या मारतच उतरणार!"

मुलीने बत्तीस बिट निवडलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि निळा रंग सायीसारखा खाली ओघळत पांढऱ्यात मिसळला. आत्या खुर्चीत मागे टेकली. पदराने डोळे टिपले, मग त्या मुलीसाठी चहा मागवला, आणि ते सेटिंग कुठे सापडतं हे तिच्याकडून आपल्या वहीत पायरीपायरीने लिहून घेतलं.

संध्याकाळी तिने काकांना सगळं सांगितलं.

"चार दिवस एकटीने पोटात ठेवलंस?" काका रागावले. "तरीच आमटीत मीठ दोनदा पडत होतं."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, माझी जीभ गेली!"

दोघं इतकी हसली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

त्यानंतर आत्याला तपासायचा नादच लागला. साहेबांचा पडदा, स्वागतकक्षातला पडदा, डॉक्टरांच्या दवाखान्यातला पडदा. डॉक्टरांचा खरोखरच ताणलेला निघाला. एकदा ती आमच्याकडे राहायला आली, आमचा कॉम्प्युटर बघताच "अगं बाई!" म्हणाली आणि वही काढली. पाच मिनिटांत आमचे सगळे फोटो नीट दिसायला लागले. आई मागे उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पडला.

"वन्सं," ती म्हणाली, "आधीचंच राहू द्या ना. त्यात हे जरा अंगाने भरलेले दिसायचे."