वस्तरा शिकायला लागलेले दिवस

बाबा गेल्यावर त्यांच्या वस्तू वाटून घ्यायचा प्रश्नच नव्हता. मी एकुलता एक, आणि वस्तू म्हणजे दोन मनगटी घड्याळं, एक रेनकोट आणि वस्तरा. घड्याळं बंद पडलेली, रेनकोट मला होत नव्हता. वस्तरा मी घेतला, आणि खरं सांगायचं तर तो मला जमू नये अशा इच्छेनंच घेतला.

हे विचित्र वाटेल, म्हणून आधीचं सांगतो. बाबा बोटीवर खलाशी होते. तरुणपणी ज्याच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्या सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, नोकरी सोडताना हा वस्तरा त्यांना दिला. मूठ पिवळी पडलेली, पात्यावरची विलायती अक्षरं पुसत आलेली. भर समुद्रात बोट हलत असताना बाबा त्यानं दाढी करत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले तरी रोज सकाळी पडवीतल्या खुंटीला चामड्याचा पट्टा अडकवून त्यावर वस्तरा परजायचे. सलूनमध्ये केस कापून घेत, पण गालाला कुणाला हात लावू देत नसत.

मग त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, शब्द अडकू लागले. दवाखान्यातून आणल्यावर आठवड्याभरानं त्यांनी डाव्या हातानं वस्तरा ठेवलेलं कपाट दाखवलं आणि मला म्हणाले, "तू कर."

"बाबा, मला नाय जमायचं. कापलं बिपलं तर?"

"कापूंदे."

मी बाजारातून प्लास्टिकचं रेझर आणलं, त्यांनी तोंड फिरवलं. सलूनवाल्याला घरी बोलावलं, त्याच्यासमोरही फिरवलं. म्हातारा हट्टी आहे म्हणून मी चिडलो, शेजारीपाजारी सांगतही सुटलो. त्यानंतर त्यांनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. सात महिने ते अंथरुणाला खिळून होते. गेले तेव्हा दाढी गळ्याखाली उतरली होती. त्यांच्याबरोबर बोटीवर असलेले एक गृहस्थ शेवटचं दर्शन घ्यायला आले होते, त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे तुझे बाबाच ना रे?"

तेव्हापासून माझ्याजवळ एकच आधार उरला होता. वस्तरा अवघड असतो, ते वर्षानुवर्षांचं काम आहे, असल्या नवशिक्यानं आजारी माणसाच्या गळ्यावर चालवायची ती वस्तू नव्हे. हे एकदा माझ्या हातानंच सिद्ध झालं की मी सुटलो, असा माझा हिशेब.

दहाव्याला ज्यांनी माझी हजामत केली होती त्या म्हाताऱ्या काकांकडे गेलो. त्यांचं सलून आता मुलगा चालवतो. तिथे सगळीकडे अर्धं ब्लेड अडकवायचे वस्तरे, आणि काका बाकावर पेपर वाचत बसलेले. त्यांनी पातं उघडून उजेडात धरलं आणि मला झापलं.

"गंज धरलाय ह्याला. तुझ्या बाबानं असा कधी ठेवलान नसता. खारं वारं हाय आपल्याकडं, रोज पुसून खोबरेल लावायला लागतं."

दोन दिवस दगडावर घासून त्यांनी धार आणून दिली आणि शिकवायला घेतलं. पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढायचा, आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटवायचा. पहिल्याच सकाळी मी तो धारेवर उलटवला आणि बाबांच्या पट्ट्याला बोटभर चीर पाडली. वाईट वाटलं. आतून थोडं बरंही वाटलं. बघा, आहे की नाही अवघड!

पुढचा धडा शहाळ्यावर. हिरवंगार, गुळगुळीत शहाळं घ्यायचं, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस काढायचा. "सालीवर ओरखडा उठला, तर तो गालावर उठला समज," काका म्हणाले. परसातल्या माडाची शहाळी मी रोज सकाळी पडवीत घेऊन बसू लागलो. आई येता-जाता बघायची. "नारळांची हजामत करायला दुकान काढतोयस की काय?" बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती या माझ्या ध्यानाला बघून.

पहिली सहा शहाळी मी पार खरवडली. सातव्याला दोनच ओरखडे. दहाव्या दिवशी एकही नाही. शहाळं पुसून मी उलटंसुलटं बघितलं, कुठेतरी ओरखडा सापडावा म्हणून.

मग स्वतःचा गाल. वस्तरा चालवायचं काम उजव्या हाताचं, पण त्याआधी डाव्या हातानं कातडी ताणून धरावी लागते. आरशासमोर माझीच हनुवटी बोटांत धरली आणि मला जे कळायचं ते कळलं. बाबांच्या चेहऱ्याला मी आयुष्यात हात लावला नव्हता. लहानपणी ते वर्षातून एकदा घरी यायचे, मी लांबून वाकून नमस्कार करायचो. आजारपणात त्यांच्या वाकड्या ओठातून लाळ गळायची. ते ओठ, ती हनुवटी मला बोटांत धरायला लागली असती. कापायची भीती मला फारशी नव्हतीच. मला किळस वाटत होती.

बाविसाव्या दिवशी मी अख्खी दाढी केली, कुठेही न कापता. काकांना दाखवायला गेलो. त्यांनी अंगठा गालावरून उलटा फिरवून बघितला. "झालं. आता दुसऱ्याची केलीस तरी हरकत नाय." शाबासकी देत होते बिचारे.

घरी आलो. आई मागच्या पायरीवर कुळीथ निवडत होती. मला राहवेना.

"आई, बावीस दिवसांत जमलं. बाबांची करता आली असती गो. मी उगाच घाबरलो."

किळस हा शब्द तिच्यासमोर तोंडातून निघाला नाही. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"तू घाबरला नव्हतास. ह्यांना माहीत होतं. तिसऱ्यांदा नाय म्हणालास ना, त्या दिवशी मला म्हणाले, त्याला माझ्या तोंडाची किळस वाटते, आता त्याला सांगायचं नाय."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"मी म्हटलं, मग मी करते. तर नको म्हणाले. तू केलीस तर त्याला लाज वाटेल, म्हणाले. वाढूंदे."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिनं मला गप्प केलं नाही.