आमदार पुलियोची पिवळी बर्फगाडी

आमदार ऑरेल पुलियोने गावाचा बाळंतपणाचा वॉर्ड एका पिवळ्या बर्फगाडीच्या बदल्यात विकला, अशी ड्रमंड फॉल्समध्ये कुजबुज होती. कुजबुज म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. कचरा डेपोवर ती चांगली खणखणीत चालायची, आणि ऑरेल आपली कचऱ्याची पोती घेऊन आला की आणखी खणखणीत.

न्यू हॅम्पशरच्या या उत्तर टोकाला गावाची खरी विधानसभा भरते ती शनिवारी, कचरा डेपोवर. ज्याला निवडून यायचं त्याने रिकाम्या बाटल्यांच्या पिंपाशेजारी उभं राहून लोकांशी हात मिळवायचे. ऑरेलला तेवढीही तसदी पडली नव्हती. तो घरं उबदार ठेवणाऱ्या, तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करायचा. ज्या तळघरात तो कधी पोटावर आडवा पडला नाही, असं तळघर गावात नव्हतं. कोणाची बाटली कोणत्या फळीमागे आहे, कोणाचा नवरा वर झोपतो आणि कोणाचा खाली, सगळं त्याला ठाऊक. पण तोंडातून अक्षर बाहेर पडेल तर शपथ. असा माणूस मिळाल्यावर कोण सोडतो? बर्फाच्या मोठ्या वादळात वीज गेली तेव्हा तो घरोघर फिरून भट्ट्या पेटवत राहिला, आणि पुढच्याच नोव्हेंबरात लोकांनी त्याला आमदार करून टाकलं.

आता या राज्यात आमदार चारशे. दगड भिरकावला, की एक तर कुत्र्याला लागेल नाहीतर आमदाराला. पगार वर्षाला शंभर डॉलर, म्हणजे घरी बायकोला सांगायचीही लाज. पण गाडीला आमदारकीची खास नंबरप्लेट मिळते. पाइपांनी भरलेल्या ऑरेलच्या खटारा व्हॅनवर ती रेड्याच्या नाकात नथ घालावी तशी दिसायची. त्याची बायको जिनेट दर रविवारी चर्चला निघण्याआधी ती फडक्याने पुसायची.

तीनदा निवडून आला, पण सभागृहात ऑरेल कधी एक शब्द बोलला नाही. त्याचं सगळं वक्तृत्व घरच्या जेवणाच्या टेबलावर. पातेल्यांची दोन झाकणं पुढ्यात ठेवून तो जिनेटला कारभार समजावायचा. हे हिरवं बटण म्हणजे हो, हे लाल म्हणजे नाही. समितीने एखादं विधेयक बुडवा म्हटलं, की सभापती विचारतात, बुडवायचं का? म्हणजे ज्याला ते तारायचं असेल त्याने लाल दाबायचं. दक्षिणेकडचा व्हिटकॉम्ब नावाचा एक मास्तर आमदार एकदा उलटं दाबून बसला आणि भाबडेपणाने उभा राहून म्हणाला, माझं चुकलं, पुन्हा मत घ्या. चारशे माणसं खो खो हसली. पुढे दोन वर्षं तो जेवायला बसला तरी कोणीतरी विचारायचं, "मास्तर, मीठ हवं की नको? नीट बघून सांगा हं." हे सांगताना ऑरेलच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं.

तिसऱ्या खेपेच्या जानेवारीत ते विधेयक आलं. गावच्या लहानशा इस्पितळाने बाळंतपणाचा वॉर्ड मार्चअखेर बंद करायचं ठरवलं होतं, आणि विधेयक मंजूर झालं तर त्याला तो चालू ठेवावा लागणार होता. नाहीतर पोटुशी बाई खिंडीपलीकडे न्यायची, आणि ती खिंड एप्रिलपर्यंत कोणाच्या बापाची नसते. पुलियोंची एकुलती एक लेक लिझेट तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. त्या सकाळी ऑरेल राजधानीला निघाला तेव्हा तिने व्हॅनच्या काचेवर टकटक करून म्हटलं होतं, "पापा, आज झोपू नका तिथे."

विधेयक एका मताने पडलं. पाडणाऱ्यांत पेपराने नाव छापलं, ऑरेल पुलियो.

जिनेटने विचारलं, लिझेटने विचारलं, फादरनेही आडून विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर, मला पटलं तसं मी केलं. बटणाची गोष्ट जिनेटच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. झाकणं मांडून शिकवणारा मास्तर परीक्षेत नापास होईल असं कोणाला वाटतं?

नेमकी त्याच आठवड्यात अंगणात ती पिवळी बर्फगाडी उभी राहिली. बर्फावरून पळणारी ती स्कूटर होती जिनेटचा भाऊ जिल याची. इंजिन बिघडलं म्हणून त्याने ती मेहुण्याच्या अंगणात आणून टाकली होती. गावाला तेवढं पुरे झालं. खिंडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळाने दिली म्हणे, पेट्रोलसकट.

डेपो सांभाळणारा एर्वे त्याला बघून टोपी काढायचा. "या आमदारसाहेब. गाडी झकास आहे हो. मागे पोटुशी बाई बसवली तर खिंड चढेल ना?"

ऑरेल पोती टाकायचा आणि निघून जायचा. जिनेट म्हणाली, जिलची गाडी आहे म्हणून सांगून तर टाक एकदा. त्याने नाही सांगितलं. उलट इंजिन दुरुस्त झाल्यावर जिल न्यायला आला, तर ऑरेल म्हणाला, राहू दे इथेच हिवाळाभर. आणि रस्त्यावरून दिसेल अशी ती पुढे ओढून ठेवली. त्या दिवशी जिनेटला पहिल्यांदा नवऱ्याची भीती वाटली.

मार्चच्या ग्रामसभेत सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांवर बसलं होतं. अध्यक्षाने विचारलं, आमदारांना काही बोलायचंय का. जिनेटने त्याच्या बाहीला धरून हळूच म्हटलं, "बोल रे. काहीही असो, बोल." तो उभा राहिला, टोपी दोन्ही हातांनी पिळली आणि खाली बसला. त्यानंतर लोकांनी त्याला तळघरात बोलावणं सोडलं. भट्टी बिघडली की शेजारच्या तालुक्यातून माणूस यायचा, आणि तो येईपर्यंत माणसं कोट घालून बसायची. ऑरेलला बाकी कशाहून हेच जास्त लागलं.

लिझेटच्या कळा एप्रिलातल्या बर्फात सुरू झाल्या. तिचा नवरा जंगलात लाकूडतोडीवर होता. ऑरेलनेच व्हॅन काढली. खिंडीच्या चढावर चाकं फिरत राहिली, गाडी पुढे जाईना. मागे पाइपांच्या गठ्ठ्यांमध्ये, जिनेटच्या मांडीवर मुलगी जन्मली. मुलगी जगली. लिझेट इतकं रक्त गेल्यावर वाचली हेच नवल, पण आता पुन्हा मूल नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. इस्पितळातून घरी आली तेव्हा ती बापाला म्हणाली, "का केलंत ते सांगा, मग नातीला बघायला या. तोपर्यंत माझं दार बंद."

त्याने सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीला उभाही राहिला नाही. नंबरप्लेट काढली आणि माजी आमदार झाला. दर रविवारी जिनेट मटणाचं सारण भरून भाजलेली जाड पोळी घेऊन लेकीकडे जायची आणि तो बाहेर व्हॅनमध्ये बसून राहायचा. आतून रडणं ऐकू आलं, की काच खाली करायचा.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो आपल्याच तळघरात भट्टीखाली आडवा पडून नळी साफ करत होता आणि जिनेट बॅटरी धरून उभी होती. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच की काय, तो बोलला.

"समितीने बुडवा म्हटलं होतं, म्हातारे. मला लाल दाबायचं होतं. लिझेटचं नाव घेतलं आणि हिरवं दाबलं."

जिनेटने बॅटरी खाली ठेवली.

"आणि पुढचं ऐक. त्या दिवशी सभा उठेपर्यंत जिंकलेल्या बाजूचा कोणीही उभा राहून म्हणू शकतो, पुन्हा मत घ्या. मी जिंकलेल्या बाजूचा होतो. व्हिटकॉम्ब माझ्या पुढच्याच रांगेत बसला होता. मला त्याची मान दिसत होती."

ती म्हणाली, उद्याच्या उद्या जाऊन लेकीला सांग.

"नको. चोर आहे म्हणून समजू दे तिला. चोराला निदान काहीतरी मिळालेलं असतं."

आणि त्याने तिच्याकडून शपथ घेतली. जिनेटने ती पाळली. तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत रविवारी व्हॅनमध्ये बसत राहिला, आणि त्या हिवाळ्यात हृदय बंद पडून गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात गाव वाटाण्याचं सूप पीत बसलं होतं. लिझेट मुलीला घेऊन आली होती. एर्वे हळूच शेजाऱ्याला विचारत होता, आता ती पिवळी गाडी कोणाकडे जाणार. तेव्हा जिनेट उठली आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

गाडी जिलचीच होती. वॉर्ड कोणी विकला नव्हता. ऑरेल पुलियोने चुकीचं बटण दाबलं होतं, आणि उभं राहून तसं सांगायची त्याला लाज वाटली.