फायनल बुडवणारा सुहास

सुहास पिंगळे गेल्याचं मला आमच्या दोह्यातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. शुक्रवारची दुपार होती, मी जेवून आडवा झालो होतो आणि फोन सायलेंटवर होता. उठून पाहतो तर वर कुणाच्या तरी घरगुती उकडीच्या मोदकांची जाहिरात, खाली 'दोहा सोडत असल्याने सोफा विकणे आहे', आणि मधे सुहासचा फोटो. 'आपल्या सर्वांचे लाडके, फुटबॉलप्रेमी सुहास पिंगळे यांचे दुःखद निधन.' त्याखाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. त्या रांगेत घुसून एका शहाण्यानं सोफा अजून आहे का म्हणून विचारलं होतं. विद्याचे, म्हणजे सुहासच्या बायकोचे, मिस्ड कॉल मला नंतर दिसले.

लाडके आणि फुटबॉलप्रेमी... एका ओळीत दोन थापा. ज्यांनी हे लिहिलं त्यांनीच काही वर्षांपूर्वी 'या माणसाला पुन्हा आमच्या विमानाजवळ फिरकू देऊ नका' अशी आमच्या कंपनीकडे तक्रार केली होती. आणि फुटबॉलचं म्हणाल, तर सुहासला त्या खेळाचा मनापासून तिटकारा होता. त्याला ते वाचता आलं असतं तर तिरडीवरून उठून बसला असता, निदान शिव्या घालण्यापुरता. आता महिना उलटून गेलाय. त्याच्यावर काहीतरी लिहा, असं विद्या म्हणाली तेव्हा मी विचारलं, "खरं लिहिलं तर चालेल?" ती म्हणाली, "खोटं सगळ्यांचं लिहून झालंय."

तर खरं असं की सुहास लाडका-बिडका कुणाचाच नव्हता. नाशिकचा, तोंडाळ, समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही असा. आम्ही दोघं दोह्यातल्या एका चार्टर कंपनीत होतो. अख्खं विमान वैमानिकांसकट भाड्यानं घ्यायचं आणि ते मोठ्या कंपन्यांना द्यायचं, हा आमचा धंदा. आमची सुगी म्हणजे युरोपातल्या क्लबांची ती मोठी फायनल. ती शनिवारी असते, आणि इथे रविवारी ऑफिस. त्यामुळे शनिवारी सकाळी उडायचं, तिकडे उतरून बसनं स्टेडियम गाठायचं, मॅच संपली की त्याच बसनं, त्याच विमानानं परत यायचं आणि रविवारी विमानतळावरून थेट ऑफिसात शिरायचं. तिथे तांबारलेल्या डोळ्यांनी जांभया देत सांगायचं की फायनलला गेलो होतो. बघितलं काय, हा प्रश्न कुणी विचारत नसे. कंपन्या याला 'एक्स्पीरियन्स' म्हणत. सुहास त्याला वरात म्हणे.

आणि वरातच असायची ती. नव्या कोऱ्या जर्सीवर पाकिटाच्या घड्या तशाच, गळ्यात मफलर, बाहेर अंड्याचं ऑम्लेट होईल इतकं ऊन. गेटवर सगळ्यांची पहिली धडपड खिडकीच्या सीटसाठी, दुसरी फोटोसाठी. एकदा विमान सुटल्यावर एका महाशयांनी हवाईसुंदरीला हळूच विचारलं होतं की यातली आपली टीम कुठली. सुहासनं ही गोष्ट वर्षभर जगाला ऐकवली. या माणसांबद्दल त्याच्या मनात काडीचा आदर नव्हता, माझ्याही नाही, आणि त्याबद्दल आम्हाला कधी वाईटही वाटलं नाही. त्याचं प्रेम एकाच गोष्टीवर होतं... विमान वेळेवर सुटण्यावर. दार लागलं, पायऱ्या बाजूला झाल्या, विमान मागे सरकू लागलं की त्याचा चेहरा असा काही निवळायचा की विद्यानंसुद्धा तो कधी पाहिला नसेल.

ज्या फायनलबद्दल सांगायचंय, त्या वर्षी विमान घेतलं होतं देवस्थळी साहेबांच्या कंपनीनं. देवस्थळी म्हणजे गॅस कंपनीतले बडे अधिकारी आणि आमच्या मंडळाचे तहहयात असावेत असे अध्यक्ष. त्यांनी उरलेल्या जागांवर मंडळाची माणसं भरली आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की गणपतीतलं ढोलपथक बरोबर न्यायचं. युरोपला कळू दे मराठी माणूस काय चीज आहे! स्टेडियममध्ये ढोल नेऊ देत नाहीत, हे सुहासनं परोपरीनं सांगितलं. त्यावर 'इन्शाल्ला, तिकडे बघू' असं उत्तर मिळालं. जिथे काही करायचं नसतं तिथे वापरायला हा शब्द आपला माणूस इथे फार लवकर शिकतो. ढोल विमानाच्या पोटात चढले. अध्यक्षांचा मान म्हणून सगळ्या ढोलांवर नाव लागलं देवस्थळींचं.

दार लावायची वेळ झाली होती. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून सुहास विमानात होता आणि मी कागद द्यायला वर गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. देवस्थळी पुढच्या रांगेत बसले होते. चेहरा राखेसारखा, एसीत कपाळावर घाम, हात छातीवरून जबड्याकडे जातोय. भोवती मदतीचा पूर लोटला होता. कुणी आवळा सुपारी पुढे केली, मागून आलेपाकाची वडी आली, एका बाईंनी पर्समधून सूतशेखर काढलं. निदान एकमतानं झालेलं होतं. पित्त! आपल्या लोकांना हृदय नसतंच, पित्तच असतं. माणूस पांढराफटक पडला तरी शेजारचा विचारणार, काल रात्री काय खाल्लं होतं?

सुहासनं साहेबांना काही विचारलंच नाही. शेजारी त्यांच्या मिसेस बसल्या होत्या, शुभांगी वहिनी, नवऱ्याचं मनगट घट्ट धरून. त्यांना त्यानं विचारलं, "वहिनी, कधीपासून चाललंय हे?"

त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "पहाटेपासून. कुणाला सांगू नको म्हणालेत."

"साहेब, उठा. तुम्ही येत नाही आहात."

"अहो पिंगळे, पित्त आहे. कालच्या पार्टीत जरा जास्त झालं. तुम्ही दार लावा."

"पित्त असेल तर डॉक्टर तसं सांगतील. मग खुशाल माझ्या नावानं ओरडा."

मागून गलका सुरू झाला. फायनलच्या शहरात त्या दिवशी चहूकडून विमानं येतात, प्रत्येकाला उतरायची वेळ नेमून दिलेली असते आणि ती चुकली की रांगेच्या शेवटी जावं लागतं. हे या मंडळींना बरोबर माहीत होतं. "पिंगळे, स्लॉट जाईल!" कुणीतरी ओरडलं. सुहास वळला आणि अख्ख्या विमानाला ऐकू जाईल असा म्हणाला, "तुमच्यापैकी एकाला तरी ऑफसाइड म्हणजे काय ते सांगता येतं का? मग घाई कसली झालीय?" आणि कॅप्टनला बोलवायला गेला.

कॅप्टन आला, वैद्यकीय पथक आलं, साहेबांना खुर्चीत बांधून खाली नेलं. मागोमाग वहिनी. साहेब उतरता उतरता म्हणत होते, "माझी फायनल घालवलीत तुम्ही." आता नियम असा की उतरलेल्या प्रवाशाचं सामान विमानात ठेवायचं नाही. म्हणजे साहेबांच्या नावावरचे ढोल. ते सगळ्यांत आधी चढलेले, म्हणून सगळ्यांत आत. लोडरनी 'यल्ला यल्ला', म्हणजे चला-चला, करत बाकीचं सामान उपसलं आणि मे महिन्याच्या त्या भट्टीत विमानालगत ढोलांची रांग मांडली. एका लोडरनं गंमत म्हणून एकावर थाप मारली. महाराष्ट्राचा आवाज म्हणून त्या दिवशी जो काय झाला तो एवढाच.

स्लॉट गेलाच. दुसरा मिळेपर्यंत दुपार टळली. वरात स्टेडियमच्या दाराशी पोचली तेव्हा आतली माणसं गात, रडत बाहेर पडत होती. आमच्या लोकांनी दारासमोर उभं राहून फोटो काढले, 'व्हॉट अ नाइट!' म्हणून टाकले, आणि ते अजून त्यांच्या प्रोफाइलवर आहेत. इकडे साहेबांच्या शिरेतला अडथळा काढून डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं की हवेत असते तर वाचले नसते. संध्याकाळी शुद्धीवर येऊन साहेबांनी रात्री ड्यूटीवरच्या केरळी नर्सच्या मोबाइलवर मॅच बघितली. म्हणजे त्या सबंध विमानापैकी फायनल पाहिली ती एकट्या देवस्थळींनी.

वाटलं होतं, निदान हा माणूस दोन शब्द बोलेल. तक्रारी गेल्या, बैठका झाल्या, देवस्थळींच्या एका फोननं सगळं मिटलं असतं. त्यांनी तो केला नाही. आमच्या कंपनीनं सुहासला विमानांवरून काढून हमद पोर्टला कंटेनरच्या कामावर धाडलं. आणि साहेब छातीत स्टेंट घेऊन दर पार्टीत, हातातल्या बशीवर कबाब रचत, तोच विनोद करत राहिले... 'पिंगळेंनी आमची फायनल बुडवली हो!' लोक हसायचे. मी त्या हसणाऱ्यांचे चेहरे लक्षात ठेवले आहेत आणि मरेपर्यंत ठेवणार आहे. सुहास म्हणायचा, "कंटेनर बरे. जर्सी घालत नाहीत." पण दर वर्षी फायनलच्या शनिवारी त्याचा मला फोन यायचा. 'सुटलं का वेळेवर?' एवढंच विचारायचा. मी हो म्हटलं की फोन ठेवायचा. त्याला फार लागलं होतं ते. कबूल केलं नाही कधी, पण लागलं होतं.

आणि आता त्याचं स्वतःचं ऐका. त्या शुक्रवारी फरीज बिन ओमरानमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाआधी त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली. विद्या म्हणाली, हॉस्पिटलला जाऊ. हा पठ्ठ्या काय म्हणाला असेल? पित्त आहे! कालची वांग्याची भाजी बाधली. थंड दूध प्यायला, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. ज्यानं भरलेलं विमान अडवून दुसऱ्याचं पित्त खोटं ठरवलं, त्या माणसानं आपल्या घरात, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असताना, हे करावं? मेलेल्याला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवतो. गाढव होता. शुद्ध गाढव. मला त्याचा इतका राग आलेला आहे की रडूही नीट येत नाही. त्याला नाशिकला न्यायचं होतं. शवपेटी सामानाबरोबर पोटात चढली, कागद मीच केले, आणि पायऱ्या बाजूला होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. विमान वेळेवर सुटलं.

मंडळानं शोकसभा घेतली ती विद्या परत आल्यावर. सुहासच्या फोटोला हार होताच, वर कुणीतरी कुठल्याशा क्लबचा मफलरही गुंडाळला होता. विद्या पुढे गेली, तिनं तो काढला आणि घडी करून अध्यक्षांच्या हातात दिला. देवस्थळी साहेब बोलायला उभे राहिले. सुहास किती उमदा, किती खेळकर, खेळावर किती जीव... मग आवाज ओला करून म्हणाले, "त्यांनी एकदा माझी फायनल बुडवली होती, पण आज मी त्यांना मोठ्या मनानं माफ करतो." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! सुहासची लेक माझ्या शेजारी बसली होती, ती हळूच म्हणाली, "काका, कॅन वुई प्लीज गो?" मी उठलोच होतो.

आम्ही तिघं बाहेर पार्किंगमध्ये आलो तोच मागून चपलांचा आवाज आला. शुभांगी वहिनी होत्या, सभा सोडून आलेल्या. विद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दर शुक्रवारी सकाळी यायचा हो त्यांचा फोन. हे फिरायला गेले की."

विद्याला काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. हॉस्पिटलमधून साहेब घरी आले त्या आठवड्यापासून सुहास वहिनींना फोन करत होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आहे का अजून?" एवढाच प्रश्न. आहेत, असं म्हटलं की, "गोळ्या घेतो का?" वहिनी आधी दचकल्या होत्या, मग हसायला लागल्या, मग त्या फोनची वाट बघायला लागल्या. गोळ्या चुकवल्या की त्या सुहासला सांगत आणि तो म्हणे, "त्याला सांगा, पुढच्या वेळी मी विमानात नसणार." साहेबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी त्याची अट होती. का, असं मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "'त्याला माझे आभार मानावे लागतील आणि ते मला ऐकवणार नाहीत,' असं म्हणाले."

मी त्या देवस्थळीसाठी बोट उचलणार नाही, हे मी विद्याला घरी सोडताना शपथेवर सांगितलं होतं. तरी मागच्या शुक्रवारी सकाळी मी फोन लावला. वहिनींनी पहिल्याच रिंगला उचलला. मला सुहाससारखं बोलता येत नाही, पण विचारलं, "आहे का अजून?"

त्या म्हणाल्या, "आहेत. गोळीही घेतलीय. भाऊजी, तुम्ही तपासून घेतलंय का स्वतःला?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

"मी विचारलं की सुहास भाऊजी पण हेच म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "आणि मी हसून फोन ठेवायची. आज नाही ठेवणार. कधी जाताय ते सांगा."

मी तारीख सांगेपर्यंत त्यांनी खरंच फोन ठेवला नाही.