एमआयडीसीतला आमचा राउंड

बारामतीत आम्ही जुने कामगार चहाला बसलो की राउंडचा विषय निघतोच. दरवेळी कुणाला तरी नवीनच काहीतरी आठवतं, त्यामुळं किस्से वाढतच चाललेत. हसण्यासारखे त्यात थोडेच.

*

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. एमआयडीसीत तेव्हा कंपन्या कमी, मोकळे प्लॉट जास्त. दत्तू, बाळू आणि मी एकाच कंपनीत फिटर. सुट्टीच्या दिवशी बाभळी तोडून, मुरूम पसरून आम्ही मोटारसायकलच्या शर्यतीसाठी गोल रस्ता केला. तोच राउंड. रोलर कुठला मिळणार? पाण्यानं भरलेलं पिंप लोळवलं.

पहिल्याच शर्यतीत मेंढरं आडवी आली. मेंढपाळ तात्यांना आम्ही घाई करायला लागलो, तर ते शांतपणे म्हणाले, "गोल फिरून परत हितंच येणार न्हवं तुमी? मग घाई कसली?"

*

सगळ्यात वेगवान बाळू. लोणी भापकर गावचा. गाडी मोठ्या भावाची, डेअरीला दूध घालायची. एकदा भरलेला कॅन उतरवायचा विसरला आणि तसाच पळाला. शर्यत जिंकली, पण डेअरीत दूध घेईनात. वर लोण्याचे गोळे तरंगत होते!

*

मग प्लॉट विकले जायला लागले. राउंड राहू द्या, असा अर्ज घेऊन आम्ही एमआयडीसीच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी चहा पाजला, नकाशा पसरला आणि विचारलं, "यात तुमचं नेमकं काय जातंय?"

नकाशावर नुसते चौकोन. चार वर्षं ज्याच्यावर पळालो, तो राउंड त्यात कुठंच नव्हता. अर्ज घडी करून खिशात घातला.

*

एका शनिवारी ठेकेदारानं प्लॉटच्या कुंपणासाठी राउंडवर आडवी तार ओढली. मी ती पाहिली होती, दत्तूनंही पाहिली होती. मला वाटलं, दत्तू बाळूला सांगेल. दत्तूला वाटलं, मी सांगेन.

रविवारी सकाळी बाळू एकटाच सरावाला गेला.

त्याचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. दवाखान्यात त्यानं एवढंच विचारलं, गाडी दादाला पोचवली का. तारेबद्दल एक अक्षर नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर आमच्यातलं कुणी राउंडवर गेलं नाही, आणि वर्षभरात तिथं शेड उभी राहिली.

*

पुढं दोन वर्षांनी बाळूसाठी मुलगी बघायला पळसदेवला गेलो. दत्तू आणि मी सोबतीला. मुलीच्या वडिलांनी पायाचं विचारलं. लहानपणी झाडावरनं पडलो, असं बाळूनं सांगितलं. मग नोकरीचं झालं, शेतीचं झालं. शेवटी त्यांनी विचारलं,

"गाडी चालवता का? माझा थोरला गाडीवरच गेला, म्हणून इचारतो."

बाळूनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाय आबा," तो म्हणाला. "कधी शिकलोच न्हाय."

आबांनी आत हाक मारून पोहे आणायला सांगितले.